सपाट पडद्यावरची खोली

धानाची रोवणी लागली की माझी ओपीडी ओस पडते.

एरवी सकाळी नऊच्या आधीच दाराबाहेरच्या बाकड्यावर बाया बसलेल्या असतात. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जुने एक्सरे. आषाढ अर्धा सरला, शेतातल्या बांध्यांमध्ये पाणी साचलं, की एका सकाळी ते बाकडं रिकामं होतं. पाठी बऱ्या झालेल्या नसतात. त्या फक्त शेतात गेलेल्या असतात. तीन आठवडे त्या पोटरीभर चिखलात ओणव्या राहतात, धानाची रोपं, म्हणजे परे, रोवत मागे मागे सरकतात आणि मग सगळ्या एकदम परत येतात. तेव्हा बाकडं पुरत नाही. कुणाला बसलं की उठता येत नाही, कुणाला बसताच येत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, नखांत काळी माती आणि तोंडात एकच वाक्य, "कंबर गेली जी."

हे मधले रिकामे दिवस मला सोसत नाहीत. साकोलीच्या रस्त्यावरून ट्रक जातात, भिंतीला ओल येते, पंखा फिरतो. हातात काम नसलं की डोकं मागे जातं.

मी हाडांची डॉक्टर आहे. पट्टे देते, गोळ्या देते, व्यायामाचा कागद देते. शस्त्रक्रिया लागेल असं वाटलं की नागपूरला चिठ्ठी देते. "तुमीच करून द्या ना जी, तुमाले त येते म्हनतात," असं बाया म्हणतात. येते, हे खरं आहे. मणक्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया मी रीतसर शिकले, तीन वर्षं केली. आता करत नाही. का करत नाही, ते बाकड्यावर बसलेल्या कुणालाही मी सांगितलेलं नाही.

पाच वर्षांपूर्वीची रोवणी मी शेतात पाहिलीच नव्हती. शहापूरजवळ हायवेला लागून एक नवं खाजगी रुग्णालय उभं राहिलं होतं, त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या थंडगार हॉलमध्ये मी होते. बाहेर सगळा जिल्हा चिखलात उतरलेला आणि आम्ही सहा डॉक्टर पायात कापडी मोजे घालून एका निळ्या डब्याभोवती उभे. डब्यात रबराच्या कातडीखाली प्लॅस्टिकचा मणका होता. नागपूरहून आठवड्यातून दोनदा एक मोठे सर्जन यायचे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. त्यांना या रुग्णालयात मणक्याचा विभाग सुरू करायचा होता. सहांपैकी एकाला ते वर्षभर सोबत ठेवून शिकवणार होते आणि नंतर तो विभाग त्याच्या हवाली करणार होते. एकालाच.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. या शस्त्रक्रियेत पाठ उघडत नाहीत. बोटाच्या पेराएवढी दोन छिद्रं पाडतात. एकातून कॅमेरा आत जातो, दुसऱ्यातून हत्यार. डॉक्टर रोग्याकडे बघतच नाही, समोरच्या पडद्याकडे बघतो. तो पडदा घरातल्या टीव्हीसारखा सपाट असतो आणि ज्या जागेत हत्यार चालवायचं ती जागा सपाट नसते. वर हाड, हाडाखाली पिवळा चिवट पापुद्रा, त्याखाली नसांची पिशवी. हाड खरवडताना थांबायचं कुठे, हे कळण्यासाठी दोन-तीन मिलिमीटरांची खोली डोळ्याला दिसावी लागते. सपाट पडद्यावर ती दिसत नाही, ओळखावी लागते.

त्या पावसाळ्यात एका कंपनीने सहा आठवड्यांसाठी दुसऱ्या प्रकारचं यंत्र बघायला दिलं होतं. त्याच्या कॅमेऱ्यात दोन भिंगं होती. काळसर चष्मा लावून त्याच्या पडद्याकडे पाहिलं की चित्र उठून यायचं. मणक्याची कमान पुढे, नस मागे, हत्याराचं टोक दोन्हींच्या मधे तरंगताना दिसायचं. सरांना दोन्ही पडद्यांची तुलना करून एक शोधनिबंध लिहायचा होता. म्हणून आम्ही सहा जण तीच ती कामं आधी सपाट पडद्यावर करायचो, मग चष्मा लावून. चुका लिहिल्या जायच्या. वेळ लिहिला जायचा.

सगळ्यात अवघड काम अंड्याचं होतं. बारीक ड्रिलने अंड्याचं कवच नाण्याएवढं खरवडून काढायचं, पण आतला पांढरा पापुद्रा फाटू द्यायचा नाही. कवच म्हणजे हाड, पापुद्रा म्हणजे नसांची पिशवी. फाटला की बलक वर येऊन पडदा पिवळा व्हायचा आणि सगळ्यांना कळायचं की अमक्याने रोगी मारला.

सपाट पडद्यावर माझे रोगी मरायचे. रोज. एकदा एका सकाळी चार मेले. सर माझ्यामागे उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "पोळी सपाट असते. म्हणून ती जमते बायकांना." पाचही जण हसले. मी पण हसले. त्या हॉलमध्ये टिकायचं असेल तर आपल्यावरच्या विनोदाला सगळ्यात आधी हसायचं, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले होते. हातमोजे काढताना बोटांना कच्च्या अंड्याचा वास येत होता. तो वास पुढे दिवसभर, जेवतानाही, हाताला असायचा.

चष्मा लावला की मात्र मी दुसरीच कुणी व्हायचे. पापुद्रा मला दिसायचा. टोक त्याच्यापासून किती लांब आहे, ते दिसायचं. चष्म्याच्या पडद्यावर माझं एकही अंडं फुटलं नाही. सर पुढच्या वेळी म्हणाले, "अच्छा. म्हणजे अगदीच वाया नाहीस." त्यांच्या तोंडून आलेली ही सगळ्यात मोठी स्तुती होती आणि मी ती घरी घेऊन गेले.

पहिला नंबर हेमराजचा होता. हेमराज कारध्याचा, वैनगंगेच्या पलीकडचा. आईबाप लहानपणीच गेलेले, मोठ्या काकूने वाढवलेला. तिला तो मोठीमाय म्हणायचा. आमची अंडीही तोच आणायचा. मोठीमायच्या कोंबड्यांची, डब्यात कोंडा भरून त्यात नीट बसवलेली. बाजारातल्या अंड्यांपेक्षा त्यांचं कवच कडक असायचं. तो सहांत सगळ्यात कमी बोलायचा, इंग्रजी अडखळत बोलायचा आणि सरांनी प्रश्न विचारला की आधी उभा राहायचा, जसा शाळेत राहत असेल. पण त्याच्या हातात ड्रिल दिलं की सगळा हॉल गप्प व्हायचा. सपाट पडद्यावर त्याचा पापुद्रा कधी फाटला नाही. एकदाही नाही.

एका दुपारी बाकीचे जेवायला गेले असताना मी त्याला म्हटलं, "मले शिकवशील?"

"त्यात काय," तो म्हणाला. "बस इथं."

त्याने माझ्या हातात कॅमेरा दिला. म्हणाला, "असा धरून ठेवू नको. थोडासा डोलव. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी सरकते. पाह्यलं? आता हत्याराची सावली पाह्य. टोक खाली जाऊन राहिलं तसं सावली अन् टोक एकमेकाकडे येऊन राहिले. दोघं भिडले की थांब. तिथं हाड आहे."

मी डोलवलं. मला अर्धवट दिसलं, अर्धवट नाही.

"तुले हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मले त असंच दिसते. मी लहानपणापासून असाच पाह्यतो." मग हसून म्हणाला, "तुमी सगळे त्या चष्म्याचं एवढं काहून सांगता, मले त समजत नाही. मले दोन्ही पडदे सारखेच दिसतात."

मी ड्रिल खाली ठेवलं.

त्याआधी एकदा चहा पिताना त्याने सांगितलं होतं की लहानपणी त्याचा डावा डोळा तिरळा होता, पोरं चिडवायची. अकराव्या वर्षी शिबिरात मोठीमायने ऑपरेशन करून आणलं आणि डोळा सरळ झाला. मी डॉक्टर होते. मला दोन वाक्यं जोडायला फार वेळ लागला नाही. तिरळेपणा उशिरा काढला तर डोळे सरळ होतात, पण मेंदू दोन चित्रांचं एक करायला शिकत नाही. तो एका वेळी एकाच डोळ्याचं ऐकतो. हेमराजला आयुष्यात कधी खोली दिसलेलीच नव्हती आणि ते त्याला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? दिसत नाही ते काय आहे, हे ज्याला दिसत नाही त्याला कसं कळावं? त्याने सावलीवरून, सरकण्यावरून, आकारावरून स्वतःचं एक जग तयार केलं होतं आणि ते आमच्या जगापेक्षा अचूक होतं.

हे मला तेव्हाच, त्या दुपारीच, लख्ख कळलं. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढचं सगळं अजाणतेपणात झाल्यासारखं वाटेल. मला कळलं होतं की हा सहांत सगळ्यात चांगला आहे आणि या डोळ्यांमुळेच चांगला आहे. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं होतं की त्याला कसं काढायचं.

सर त्या यंत्रावर भाळलेले होते. "दोन वर्षांत सपाट पडदा भंगारात जाणार," असं ते दर खेपेला म्हणायचे. ज्याला चष्म्यातून खोली दिसत नाही असा माणूस त्यांनी एक दिवस ठेवला नसता.

मी त्यांच्याकडे जाऊन चुगली करू शकले असते. ते सोपं होतं. पण चुगली करणारी म्हणून लक्षात राहणं मला नको होतं. त्याच रुग्णालयात खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टर बाई बसायच्या. त्यांच्याकडे लहान मुलांच्या तपासणीचं एक जाड पुस्तक असतं. आत एका पानावर मोठ्या माशीचं चित्र. खास चष्मा लावून पाहिलं की माशीचे पंख कागदातून वर उचललेले दिसतात. मुलांना सांगतात, पंख चिमटीत धर. दोन्ही डोळे मिळून पाहणारं मूल हवेत चिमटी धरतं. न पाहणारं मूल कागदावर बोटं टेकवतं. "पुतणीला दाखवायचं आहे," असं सांगून मी ते पुस्तक मागून आणलं. मला पुतणी नाही.

शनिवारी सर आले. चहाच्या वेळी मी पुस्तक काढलं. "गंमत बघा सर," म्हटलं. सरांनी चष्मा लावला, हवेत चिमटी धरली आणि लहान मुलासारखे हसले. मग एकेकाने धरली. सगळ्यांची बोटं कागदाच्या दोन-तीन इंच वर. हॉलमध्ये हशा, कपांचा आवाज. हेमराज शेवटी उभा होता. त्याने कप खाली ठेवला, हात पँटीला पुसला, चष्मा लावला आणि अगदी काळजीपूर्वक दोन बोटं माशीच्या पंखांवर ठेवली. कागदावर.

"अरे, धर ना," कुणीतरी म्हणालं.

"धरले ना," हेमराज म्हणाला.

पुन्हा हशा. तो गंमत करतोय असं त्यांना वाटलं. तोही हसला. हसत हसत त्याने आमच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा आमच्याकडे. मग त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला सहा लोकांसमोर, चहाच्या सुट्टीत, आपण कधी काय पाहिलेलं नाही हे कळत होतं.

सरांना एव्हाना कळलं होतं. त्यांनी त्याला यंत्राचा चष्मा घालून पडद्यासमोर बसवलं, चार प्रश्न विचारले. "पुढे काय आहे? मागे काय आहे?" हेमराज कॅमेरा डोलवून उत्तर द्यायला लागला. सरांनी त्याचा हात धरून कॅमेरा स्थिर केला. "न हलवता सांग." हेमराजने कॅमेरा खाली ठेवला.

"एका डोळ्याने मणक्यात शिरायला निघाला होता," सर आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "काणा राजा." त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "बरं झालं आणलंस हे. कुणाच्या तरी आईचा पाय वाचला."

मी मान हलवली. मी हसले सुद्धा.

त्या दिवशी घरी परतताना कारध्याच्या पुलाकडे वळणाऱ्या रस्त्यावर हेमराजने मला गाठलं. त्याच्या मोटारसायकलला तो अंड्यांचा डबा अडकवलेला होता. दोन्ही बाजूंना हिरव्यागार बांध्या, नुकत्याच रोवून झालेल्या.

"अर्चना, तुले आधीच मालूम होतं?"

"नाही रे," मी म्हटलं. "मी त गंमत म्हणून आणलं होतं."

त्याने डब्याची दोरी घट्ट केली. मग म्हणाला, "मी वाईट नाही मानत. कोणीतरी सांगायलाच पाहिजे होतं." आणि शेतांकडे हात करून विचारलं, "मले एक सांग. हे सगळं तुले कसं दिसते? म्हणजे ते झाड अन् त्याच्या मागचं बोडीचं पाणी. ते वेगवेगळं दिसते का खरंच? मधे जागा दिसते?"

"दिसते," मी म्हटलं.

"कशी?"

मी एक हात पुढे आणि एक मागे धरून दाखवला. त्याने गाडीला किक मारली.

जागा मला मिळाली. निबंधही निघाला असेल, माझं नाव त्यात आहे की नाही ते मी कधी पाहिलं नाही. सहा आठवडे संपले तसं कंपनीचा माणूस आला, त्याने यंत्र थर्माकोलच्या खोक्यात भरलं आणि घेऊन गेला. रुग्णालयाने ते विकत घ्यायचं ठरवलंच नाही. "सध्या आहे त्यावर चालवू," असं व्यवस्थापन म्हणालं. सर वर्षभराने आणखी मोठ्या शहरात निघून गेले. विभाग माझ्या हवाली झाला, आणि त्या विभागात होता सपाट पडदा.

माझा हात वाईट नव्हता. वर्षभरात मी पुष्कळ शिकले. कॅमेरा डोलवायलाही शिकले, हेमराजने दाखवला तसाच. पण मी ते एखाद्या परक्या भाषेसारखं बोलत होते. मनात आधी भाषांतर करून. तो त्या भाषेत जन्मला होता.

हेमराजने सर्जरी सोडली. सरकारी नोकरी धरली, साकोलीच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. सर्पदंश, जुलाब, बाळंतपणं. मणक्याचा रोगी आला की तो मला चिठ्ठी द्यायचा. त्याचं अक्षर सुबक होतं आणि तपासणी इतकी नेमकी की मला काही शोधावं लागायचं नाही. खाली कधी एक ओळ जास्तीची नसायची. फोनही करायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या तोंडावर त्याने मोठीमायला पाठवलं.

कौतिकाबाई. साठीच्या अलीकडची, काटक, डाव्या पायात मुंग्या आणि ठणका घेऊन आलेली. चकती सरकून नस दाबली गेली होती. हेमराजच्या चिठ्ठीत सगळं होतं, आणि त्यात हेही होतं की दोन्ही पावलांची ताकद पूर्ण आहे. मीही तपासली. पूर्ण होती. तिने पाऊल वर उचलून माझ्या हातावर असा रेटा दिला की मीच मागे सरकले.

"रोवनीच्या आंधी उभी करून द्या जी," ती म्हणाली. "दुसरं काई नाई मागत."

शस्त्रक्रिया सकाळी होती. मी हाडाची कड कापत होते. पाण्याच्या झोतात सगळं गुलाबी धुरकट दिसत होतं. कड कापून झाली असं वाटलं. आणखी एक चावा घेऊ असं वाटलं. सावली कुठे आहे ते मी पाहिलं नाही. हत्याराचा जबडा मिटला तेव्हा हाडाचा करकर आवाज जाणवायला हवा होता, तो जाणवला नाही. काहीतरी मऊ होतं. मग पडद्यावर पाण्यात एक पांढरा धागा हलायला लागला. तो किती खोल आहे ते मला तेव्हाही दिसलं नाही. तो काय आहे ते मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी कौतिकाबाईचं डावं पाऊल उचलेना. टाचेखाली हात दिला तरी बोटं खाली लोंबत राहिली.

त्या दुपारी मी तिची फाईल घेऊन बसले आणि भरतीच्या कागदावर एक ओळ घातली. 'डाव्या पावलात शस्त्रक्रियेपूर्वीपासून अशक्तपणा.' शाई तीच होती. जागाही होती. सपाट कागदावर माझा हात कधी चुकला नाही.

हेमराज संध्याकाळी आला. त्याने आधी मोठीमायचं पाऊल तपासलं, मग फाईल मागितली. मी दिली. त्याने भरतीचा कागद वाचला. त्याच्यामागेच त्याची स्वतःची चिठ्ठी टाचलेली होती, ती फाडायला मला सुचलं नव्हतं. त्याने दोन्ही वाचलं, फाईल बंद करून टेबलावर ठेवली.

"सपाट पडद्यावर केलं?"

"हो. दुसरा आहेच कुठे."

तो खिडकीकडे पाहत होता. "मले बोलवायचं होतं," तो म्हणाला. "मी बाजूले उभा राहून सांगितलं असतं."

मी फाईल माझ्याकडे ओढून घेतली.

"दोन डोळे होते ना तुले?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. उत्तराची वाटही पाहिली नाही. त्यानंतर त्याची एकही चिठ्ठी माझ्याकडे आली नाही.

तक्रार होईल म्हणून मी वाट पाहिली. झाली नाही. आठ महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. सोडताना मला निरोपाची शाल दिली.

या वर्षी रोवणी लागली, बाकडं रिकामं झालं आणि गेल्या मंगळवारी मी गाडी काढून कारध्याला गेले. का गेले, याचं चांगलं वाटेल असं उत्तर देता येईल. खरं उत्तर असं की मला मोकळं व्हायचं होतं आणि त्यासाठी तिची गरज होती.

कौतिकाबाई शेताच्या कडेला पऱ्ह्यात, रोपांच्या वाफ्यात, बसली होती, लाकडी पाटावर, डावा पाय पुढे लांब पसरून. बसल्या बसल्या परे उपटत होती, मुळांची माती पाण्यात आपटून धूत होती, पेंढ्या बांधत होती. मला तिने ओळखलं.

"या जी डाक्टरीनबाई. कायची खुर्ची नाई इथं."

मी धुऱ्यावरच, शेताच्या बांधावर, बसले. तिने पावसाचं विचारलं, माझ्या दवाखान्याचं विचारलं. मी तिच्या पायाकडे पाहते आहे हे पाहून तिने लुगडं त्यावर ओढलं. मग आपणहून म्हणाली, "हेमराज म्हने तक्रार करू. मी नाई म्हनली."

"काहून?"

"तक्रार करून पाय येते का?" तिने पेंढी बांधली, बाजूला टाकली. "अन् मले वाटे का हे मायंच पाप हाय. पोराचा डोरा तिरपा होता, मी लवकर नेलं नाई. रोवनी झाली का नेतो, कापनी झाली का नेतो, असं करता करता अकरा सालाचा झाला. म्हनूनच त्याले मोठ्या दवाखान्यातून काहाडलं ना? तो कधी बोलला नाई. पन मले मालूम हाय. देवानं माया पायातून वसूल केलं."

हे मला माहीत नव्हतं. मी माझ्या चुकीसाठी आले होते. हे ओझं पाच वर्षं तिच्याकडे आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी सांगितलं. सगळं. त्याचा डोळा आड येत नव्हता हे सांगितलं. तो आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला होता हे सांगितलं. मी पुस्तक आणलं, मुद्दाम आणलं, सगळ्यांसमोर आणलं. तिच्या मणक्यात माझ्या हातून नस कापली गेली. तिचा पाय आधीपासून लुळा होता असं मी लिहून ठेवलं. ती ऐकत होती आणि परे उपटत होती. एकदाही हात थांबला नाही. माझं संपलं तेव्हा ती माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"त मी पाच साल कायले रडली?"

मी म्हटलं, "मला माफ करा, मावशी."

"मावशी नोका म्हनू." तिने हात धुतले, पदराला पुसले. "माफी मागाले आले तुमी. देतो म्हनलं त तुमी घरी जाऊन झोपान. माया पोराले डाक्टर होऊन बी मोठा डाक्टर नाई होऊ देल्लं, अना मले चालाले पाय नाई. मंग माफी बी मीच देऊ?"

मी डोळे पुसले. ते तिला आवडलं नाही, असं तिच्या तोंडावरून दिसलं.

"रडू नोका इथं. बाया पाहून राहिल्या."

बांधीतल्या बाया खरंच वाकलेल्या जागेवरून माना वळवून पाहत होत्या. लांबून लोखंडी चाकांच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. चिखलणी राहिलेल्या शेवटच्या बांधीकडे तो निघाला होता आणि धुऱ्यालगतच्या अरुंद वाटेवर माझी गाडी आडवी उभी होती.

"गाडी बाजूले घ्या," कौतिकाबाई म्हणाली. "ट्रॅक्टर येऊन राहिला."

मी उठले, गाडी मागे घेतली, रस्त्यापर्यंत घेतली. ट्रॅक्टर चिखल उडवत पुढे गेला. काचेवरचे थेंब पुसून मी पाहिलं तेव्हा कौतिकाबाई पेंढ्यांची पाटी कमरेला टेकवून बांधीत उतरली होती. उजवा पाय टाकत होती आणि मग एक हात पाटीला लावून, कमरेत वाकून, दुसऱ्या हाताने आपलंच डावं पाऊल चिखलातून उपटून पुढे ठेवत होती. दर पावलाला. बाया रोवत मागे सरकत होत्या, त्यांना परे हवे होते. कुणी तिच्या मदतीला आलं नाही आणि तिने कुणाला बोलावलंही नाही.